मोडकळीला आलेलं घर घेऊन दुरुस्त करायचंय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : पुण्याच्या शनिवार पेठेत जुन्या वाड्यातला तळमजल्याचा भाग स्वस्तात मिळतोय. दोन खोल्यांत जुना भाडेकरू आहे. ‘थोडे पैसे दिले की तो निघेल, मग दुरुस्त करून विका,’ असं एजंट म्हणतो. घ्यावा का?

भाडेकरू आत असताना घेऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ खाली मालक बदलला म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. तो वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयांकडे तो हक्क जातो. त्याला खरंच निघायचं असेल तर आत्ताच्या मालकाने नोंदणीकृत दस्त करून ताबा परत घ्यावा, आणि रिकाम्या खोल्यांच्या किल्ल्या खरेदीखताच्या वेळी तुमच्या हातात याव्यात. ‘नंतर बघू’ यावर एक रुपयाही इसार देऊ नका.

सिटी सर्व्हेच्या कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. पेठांमध्ये त्यावर अनेकदा आजोबांच्या पिढीचीच नावं असतात. लग्न होऊन गेलेल्या एका आत्याची सही राहिली तरी व्यवहार लटकतो. वकिलाकडून मागच्या ३० वर्षांच्या मालकीच्या नोंदींचा सर्च करून घ्याच.

शनिवार पेठेत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. शनिवारवाडा हे केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढच्या २०० मीटरमध्येही परवानगीशिवाय बांधकाम नाही. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, तेही विचारा.

एवढं सगळं जुळलं तर भिंतींकडे या. वाड्याच्या भिंती मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या असतात. जमिनीतली ओल त्यांच्यात वर चढते आणि पृष्ठभागातून उडून जाते. वर सिमेंटचा गिलावा चढवला की तिची वाट बंद होते, ती आणखी वर सरकते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरतो आणि एक-दोन पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. चुन्याचाच गिलावा करा. तो वाळायला वेळ जास्त घेतो, तेवढे आठवडे वेळापत्रकात धरून ठेवा.

प्रश्न : कर्वेनगरमध्ये १९८६ सालच्या इमारतीत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट बघितला. हॉलच्या छताचं प्लॅस्टर पडून सळया दिसतात. मालक म्हणतात, आठ-दहा हजारांत प्लॅस्टर होईल.

तसं प्लॅस्टर पुन्हा पडेल. सळई गंजली की फुगते, गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, आणि त्या दाबाने काँक्रीट खालून सुटतं. म्हणजे दुखणं सळईचं आहे.

स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन जा. काँक्रीटच्या ताज्या फोडलेल्या जागेवर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन फवारायला सांगा. गुलाबी रंग आला तर तिथे सळईचं रक्षण करणारा अल्कलीपणा शाबूत आहे. रंग चढलाच नाही तर तो संपला आहे. हातोडीने सगळं छत ठोकून पोकळ आवाजाच्या जागांवर खडूने खुणा करा. खर्चाचा अंदाज या खुणांवरून बांधा, नुसत्या पडलेल्या तुकड्यावरून नको.

दुरुस्तीचा क्रम असा : खालून टेकू, मग सळईच्या मागे २० ते २५ मिमी मोकळी जागा होईपर्यंत काँक्रीट फोडणं, तारेच्या ब्रशने गंज काढणं, गंजरोधक प्रायमर, बाँडिंग कोट, आणि मग पॉलिमर मॉर्टर एकावर एक पातळ थरांत. सळईचा पाव हिस्सा किंवा जास्त गंजून गेला असेल तर शेजारी नवी सळई लागते. ८ मिमीच्या सळईला दोन्ही बाजूंना साधारण ४०० मिमी लॅप (जुनी आणि नवी सळई एकमेकींशेजारी येतात ती लांबी) ठेवा. गंज न काढता वरून मॉर्टर थापणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. फोडकाम झाल्यावर थांबवून स्वतः बघा, फोटो काढा, मगच पुढचं काम होऊ द्या.

पण हे सगळं तुम्ही का करायचं, हाही प्रश्न आहे. वरची गच्ची आणि स्लॅब सोसायटीच्या आहेत. गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाल्याशिवाय आतून कितीही खर्च केला तरी तो पाण्यात जाईल. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा : सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) ३० वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट दर ३ वर्षांनी व्हायला हवं. त्याचबरोबर सर्वसाधारण सभेची गेल्या दोन-तीन वर्षांची इतिवृत्तं वाचा. पुनर्विकासाचा ठराव झाला असेल तर छत सुरक्षित करण्यापलीकडे आतल्या सजावटीवर पैसे घालू नका. ती भिंतींसकट पाडली जाणार आहे.

प्रश्न : घेतलेल्या फ्लॅटच्या बाथरूममधून खालच्या घरात पाणी झिरपतं. वरून केमिकल मारून चालेल का?

फटींत भरायचं केमिकल फारतर काही महिने तग धरतं. जुन्या बाथरूमचा स्लॅब खाली बसवलेला असतो, त्यावर भराव असतो आणि पाणी बहुतेक वेळा नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्याच्या) सांध्यातून किंवा पाइप भिंतीत शिरतो तिथून त्या भरावात उतरतं. टाइल आणि भराव काढून स्लॅब उघडा करा. जुने जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) पाइप असतील तर याच वेळी सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) घाला. पाइपभोवतीच्या जागा न आकसणाऱ्या ग्राउटने भरा. कोपरे गोलसर करून वॉटरप्रूफिंगचे दोन आडवे-उभे हात द्या, ते भिंतीवर फूटभर वर न्या आणि शॉवरच्या बाजूला सहा फूट. मग ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या घरात जाऊन छत बघा. कोरडं राहिलं तरच वीट-कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) करा. टाइलला ट्रॅपकडे मीटरला किमान एक सेंटीमीटर उतार हवा. पाणी साठवण्याची चाचणी कंत्राटदार वेळ जातो म्हणून टाळतात. शेवटचा हप्ता तिच्यावर अवलंबून आहे, असं करारातच लिहा.

प्रश्न : सिंहगड रस्त्यावर नदीकाठी तळमजल्याचा फ्लॅट बाजारभावापेक्षा बराच खाली मिळतोय.

२५ जुलै २०२४ ला एकता नगरीच्या घरांत पाणी शिरलं होतं, ते आठवा. वरच्या खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की काय होतं, हे तुमच्या पुढच्या गिऱ्हाइकालाही ठाऊक असणार. निळ्या पूररेषेच्या (नदीच्या पुराची सरकारने नकाशावर आखलेली हद्द) आतली मिळकत गुंतवणूक म्हणून घेऊ नका.

प्रश्न : ६० लाखांना घेऊन ८ लाख दुरुस्तीला घातले आणि वर्षभरात ७८ लाखांना विकला, तर १० लाख सुटतील ना?

नाही, उलट साधारण ५४ हजार खिशातून जातील. पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के मुद्रांक म्हणजे ४.२० लाख आणि नोंदणी ३० हजार. रेडी रेकनरची (सरकारी दराने येणारी) किंमत ६० लाखांहून जास्त असेल तर मुद्रांक तिच्यावर. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क २५ हजार धरा. ४५ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी वर्षभर घेतलं तर व्याज सुमारे ४.०५ लाख. मेंटेनन्स महिन्याला ३ हजार म्हणजे ३६ हजार. दलाली घेताना आणि विकताना एकेक टक्का, एकूण १.३८ लाख. हे सगळं ६८ लाखांत मिळवा : ७८.५४ लाख.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत मिळते, इथे ६० हजारांची. फार फरक पडतो तो कालावधीने. २४ महिन्यांच्या आत विकलं तर नफा तुमच्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे कर लागतो. त्यानंतर विकलं तर दीर्घ मुदतीचा, २३ जुलै २०२४ पासून घेतलेल्या मिळकतीला १२.५ टक्के. म्हणून आम्ही म्हणतो, दोन वर्षं भाड्याने द्या, लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवा, आणि मग विका. प्लंबिंग, वायरिंग, वॉटरप्रूफिंगची जीएसटीसह बिलं आणि बँकेतून दिलेल्या पैशांचे पुरावे जपून ठेवा. सुधारणेचा खर्च नफ्यातून वजा करायचा तर तेच लागतात. नुसत्या रंगरंगोटीचं बिल तिथे चालेलच असं नाही.