गटाने बाइक चालवतानाच्या हातखुणा : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की ताम्हिणी आणि माळशेजकडे गटाने निघणाऱ्या बाइकस्वारांची पत्रे वाढतात. हातखुणांविषयीचा तोच तो गोंधळ त्यांत दरवर्षी दिसतो, म्हणून काही प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : खुणा डाव्या हातानेच का करायच्या?

उत्तर : उजव्या हाताशी थ्रॉटल (वेग कमी-जास्त करण्याची मूठ) आणि पुढचा ब्रेक असतो, म्हणून.

प्रश्न : लायसन्सच्या वेळी मात्र उजव्या हाताच्या खुणा शिकवल्या होत्या. खरे काय मानायचे?

उत्तर : दोन्ही. शिकवलेल्या खुणा रस्त्यावरील सर्वांसाठी आहेत, डाव्या हाताच्या खुणा तुमच्या गटापुरत्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२१ नुसार वळण्याचा वा थांबण्याचा इशारा दिव्यांनीही देता येतो. त्यामुळे गटाला हात दाखवला तरी इंडिकेटर द्यायलाच हवा. परीक्षा अजून व्हायची असेल, तर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये विचारून घ्या.

प्रश्न : पुढच्याने हात हलवून ‘ये’ म्हटले, तर ओव्हरटेक करावे का?

उत्तर : नाही. या एका सवयीची मला सर्वाधिक धास्ती वाटते. लीड रायडर, म्हणजे गटाच्या सर्वांत पुढचा स्वार, एसटीच्या पुढे निघतो, समोरचा रस्ता मोकळा पाहतो आणि मागच्याला बोलावतो; परंतु त्याने पाहिलेला रस्ता त्या क्षणाचा असतो. ती खूण पाहून, गिअर बदलून तुम्ही बाहेर पडेपर्यंत चार सेकंद गेले, तर ताशी ६० किलोमीटरने येणारा ट्रक तेवढ्यात ६५ मीटरांहून अधिक जवळ आलेला असतो, आणि तुमच्यामागून निघालेल्या तिसऱ्या स्वारासाठी तो त्याहूनही जवळ असतो. शिवाय लीडची गाडी ४०० सीसीची आणि तुमची मागे बसलेल्या माणसासह १५० सीसीची असेल, तर त्याला पुरलेली जागा तुम्हाला पुरणार नाही. ‘आमच्या गटात हे वर्षानुवर्षे चालते’ हे उत्तर मला अनेकदा मिळते आणि ते मी मान्य करीत नाही. समोर खड्डा, गुरे किंवा सांडलेले डिझेल आहे, ही माहिती खुणेने द्यावी. पुढे जाण्याचा निर्णय प्रत्येकाने स्वतः रस्ता पाहूनच घ्यावा. मागे पडलात तर पडा, पुढे थांबून गट जुळवता येतो. निघण्यापूर्वीच्या ब्रीफिंगमध्ये राइड कॅप्टनशी हे स्पष्ट बोला. त्यांना पटत नसेल, तर त्या गटाबरोबर जाऊ नका.

प्रश्न : स्वारांना आपसांत बोलता येणारा हेल्मेटचा इंटरकॉम घेतल्यावर खुणांची गरज उरत नाही, असे दुकानदार म्हणतो.

उत्तर : त्याला इंटरकॉम विकायचा आहे. बॅटरी संपते, घाटात अंतर वाढले की संपर्क तुटतो आणि गटातील प्रत्येकाकडे ते यंत्र नसते. जरूर घ्या, पण खुणाही ठरवून घ्या.

प्रश्न : वळणावर खड्डा दिसला, तर हात दाखवावा का?

उत्तर : वळणावर दोन्ही हात हँडलवरच ठेवा. सरळ रस्त्यावर डावीकडच्या खड्ड्यासाठी डावा हात आणि उजवीकडच्यासाठी उजवा पाय दाखवण्याची पद्धत आहे. तरी काही गट वेगळ्या खुणा वापरतात, म्हणून आधी विचारा.

प्रश्न : तीन महिन्यांपासून क्लच दाबताना डाव्या हाताची बोटे बधिर होतात. हातमोजे बदलू का?

उत्तर : तीन महिने वाट पाहायला नको होती. मोजे नंतर पाहू. याच आठवड्यात डॉक्टरांना हात दाखवा आणि ते सांगेपर्यंत बाइक चालवू नका.