पुरणपोळी का फुटते?

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझे दोन्ही प्रश्न वाचले. होळीला पुरणपोळीच का करायची, हा पहिला. तव्यावर टाकली की पोळी फुटून पुरण बाहेर का येतं, हा दुसरा. शनिवारी तुझ्या म्युनिकच्या वसतिगृहातल्या सात-आठ मैत्रिणी जेवायला येणार आहेत म्हणजे खरी निकड दुसऱ्याची आहे, म्हणून पहिल्याचं थोडक्यात सांगते.

होळी येते फाल्गुन पौर्णिमेला. त्या सुमाराला महाराष्ट्रात रब्बीचा हरभरा निघालेला असतो, गहू कापणीला आलेला किंवा नुकताच घरात आलेला असतो आणि कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांतला नवा गूळ बाजारात असतो. हरभरा, गहू, गूळ. पोळीत याहून वेगळं फारसं काही नसतंच. जे शेतातून आलं त्याचाच नैवेद्य होळीला. मात्र ही पोळी एकट्या होळीची नाही. पाडव्याला होते, अक्षय्य तृतीयेला आमरसाबरोबर होते, पोळ्याला बैलांना भरवतात, गौरींच्या नैवेद्यात असते. श्रावणात जिवतीच्या शुक्रवारी तर पुरणाचेच दिवे करून मुलांना ओवाळतात.

आता फुटण्याबद्दल. पोळी फुटताना दिसते तव्यावर, पण बिघाड बहुतेक वेळा पुरणातच झालेला असतो. पुरणात पाणी जास्त राहिलं की तव्यावर त्याची वाफ होते, आणि कणकेचा पापुद्रा जिथे पातळ असेल तिथून ती बाहेर पडते. म्हणून लाटायचा सराव करण्याआधी पुरण नीट आटवायला शिक.

सुरुवात दुकानापासून. डाळ हरभऱ्याचीच हवी. तिकडच्या सुपरमार्केटात पिवळ्या वाटाण्याची सोललेली डाळ मिळते, ती दिसायला अगदी सारखी असते. पण तिचं पुरण चिकट होतं आणि गुळातही वाटाण्याचा वास लपत नाही. भारतीय दुकानातून 'चणा डाळ' लिहिलेलं पाकीट घे. काबुली चणे हा पर्याय नाही. गूळ मिळाला नाही तर जर्मनीत 'फोलरोरझुकर' नावाने उसाची अशुद्ध साखर मिळते. ती रस आटवूनच केलेली असते, त्यामुळे चवीला गुळाच्या जवळ जाते. नेहमीची ब्राउन शुगर मात्र नको. ती बहुधा साधी साखरच असते, काकवी लावलेली.

१२-१३ मध्यम पोळ्यांना २५० ग्रॅम डाळ आणि २२५ ग्रॅम गूळ पुरे. डाळ धुऊन किमान दोन तास भिजव, रात्रभर भिजली तर आणखी बरं. म्युनिकचं पाणी जड आहे. किटलीच्या तळाला जो पांढरा थर बसतो तोच चुना डाळ शिजू देत नाही. डाळीचा गर त्यामुळे घट्टच राहतो. फिल्टरच्या जगमधून गाळलेलं पाणी वापर. ते नसेल तर चिमूटभर खायचा सोडा टाक. चिमूटभरच, कारण जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

तुझ्याकडे कुकर नाही, तेव्हा चार लिटरचं पातेलं घे. दीड लिटर पाणी उकळायला ठेव, त्यात डाळ, पाव चमचा हळद आणि एक चमचा तेल घाल. तेलाने फेस कमी येतो. झाकण अर्धवट ठेव, कारण डाळीचा फेस क्षणात वर येतो आणि काचेच्या शेगडीवर सांडला की तिथेच वाळून जळतो. तासभर तरी लागेल, सव्वा तासही लागू शकतो. एक दाणा अंगठा आणि बोटात दाबून बघ. मधे पांढरी कणी लागली तर डाळ कच्चीच आहे. इथे घाई करू नकोस, कारण गूळ पडला की डाळ पुढे शिजत नाही. मग कितीही ढवळलंस तरी कण्या तशाच राहतात आणि लाटताना नेमक्या त्याच पोळीला भोक पाडतात.

डाळ शिजली की गाळायची. परदेशातल्या स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त वेळा होणारा घोटाळा इथेच होतो. पास्ता निथळतात तशी डाळ सिंकमध्ये धरलेल्या चाळणीत ओततात आणि सगळा कट, म्हणजे डाळ शिजलेलं पाणी, मोरीत जातो! चाळणीखाली आधी मोठं पातेलं ठेव. मदतीला कोणी मैत्रीण असेल तर तिलाही बजावून ठेव. कट गेला तर आमटी गेली, आणि आमटीशिवाय ताट अपुरं.

डाळ १५ मिनिटं निथळू दे, मग गरम असतानाच वाट. गार झालेली डाळ घट्ट होते, चाळणीतून उतरत नाही. पुरणयंत्र नसलं तर स्टीलची बारीक चाळणी उलटी घालून वाटीच्या बुडाने घासायची. मिक्सरमध्ये पाणी न घालता थोडी थोडी फिरवलीस तरी चालेल. काहीजणी गुळात शिजवून मग वाटतात. मला आधी वाटलेलं आवडतं, कारण कण्या राहिल्या असतील तर तेव्हाच कळतात आणि डाळ परत शिजवता येते.

वाटण्याआधी दोन चमचे शिजलेली डाळ आमटीसाठी बाजूला काढ.

आता जाड बुडाच्या पातेल्यात वाटलेली डाळ आणि किसलेला गूळ मध्यम आचेवर ठेव. पहिल्या पाच मिनिटांत सगळं पातळ होईल. घाबरून त्यात पीठ घालू नकोस, गूळ विरघळला की असंच होतं. ढवळत राहा. घट्ट व्हायला लागलं की बुडबुडे फुटून पुरण उडतं आणि अंगावर पडलं तर चांगलंच भाजतं, म्हणून लांब बाह्यांचा कपडा घाल आणि लांब दांड्याचा चमचा वापर. चमचा मधोमध उभा केला आणि पडला नाही की पुरण झालं. पातेल्याच्या कडाही तोवर सुटलेल्या असतात. आच बंद करून अर्धा चमचा वेलचीपूड, पाव जायफळ किसून आणि किंचित मीठ घाल. जायफळ याहून जास्त नको, कडवट होतं. पुरण गार झाल्यावर आणखी घट्ट होतं. तरीही सैल वाटलं तर परत आटव, किंवा उघड्या भांड्यात मायक्रोवेव्हमध्ये दोन-दोन मिनिटं फिरव. कोरडं होऊन फुटायला लागलं तर चमचाभर दूध लावून मळ. हे सगळं शुक्रवारीच करून फ्रीजमध्ये ठेवलंस तर शनिवारी निम्मं काम संपलेलं असेल.

कणकेसाठी २०० ग्रॅम भारतीय दुकानातलं पोळ्यांचं पीठ आणि ५० ग्रॅम मैदा घे. मैद्याऐवजी तिकडचं ५५० नंबरचं पीठ चालतं. जर्मन 'फोलकोर्न' पीठ घेऊ नकोस, त्यातला जाड कोंडा ताणलेल्या पापुद्र्याला चिरतो. पीठ मैद्याच्या चाळणीने चाळ, चिमूटभर मीठ, हळद आणि दोन मोठे चमचे तेल घाल. मग साधारण १७० मिली पाणी थोडं थोडं घालत रोजच्या पोळीच्या कणकेपेक्षा बरीच सैल भिजव. दोन तास झाकून ठेव, नंतर तेलाचा हात लावून दहा मिनिटं तिंब. ओढली की न तुटता लांबली पाहिजे. कणीक घट्ट आणि पुरण मऊ असेल तर लाटण्याखाली पुरण पुढे पळतं आणि कणीक मागे राहते. दोन्ही सारखी मऊ हवीत. म्हणून पुरण फ्रीजमधून काढून तासभर बाहेर ठेव.

कणकेचा गोळा ३५ ग्रॅम, पुरणाचा ५०. पहिल्या चार-पाच पोळ्यांना स्वयंपाकघरातला काटा वापर, मग हाताला अंदाज येईल. कणकेची पारी करताना कडा पातळ आणि मध्य जाड ठेव, पुरण भरून तोंड बंद कर आणि वर जमलेली जादा कणीक चिमटून काढून टाक. ती राहिली तर तिथे गाठ होते आणि समोरची बाजू पातळ पडते. उंडा हातानेच थोडा दाबून पसरव.

लाटायला तांदळाची पिठी घे. ती कणकेत मुरत नाही, पोळी सरकती राहते. आधी कडा लाटायच्या, मधे शेवटी, हात हलका. पोळी पाटावर उलटायची नाही, ती पिठीवर आपोआप फिरते. उचलताना तुटत असेल तर बेकिंगच्या कागदावर लाट, कागदासकट तव्यावर पालथी घाल आणि कागद सोडवून घे. कागद तव्याला टेकू देऊ नकोस.

विदर्भात पोळी लहान, जाड आणि पुरणाने गच्च भरलेली असते, वर तुपाची धार. खानदेशात मांडे हातावरच मोठे करून पालथ्या खापरावर भाजतात. पुण्याकडे पातळ लाटायची रीत. तू पहिल्यांदा जाडच कर. आठ इंचांपेक्षा मोठी नको.

तुझी काचेची शेगडी हळू तापते आणि हळूच निवते. नऊपैकी सहावर पाच मिनिटं तवा तापव आणि मग आच बदलत बसू नकोस. एक बाजू पूर्ण भाजू दे, मग उलट, मग तूप. सारखी उलटली तर मोडते. लाटताना भोक दिसलं तर तिथे पिठीची चिमूट दाब. तव्यावर पुरण सांडलंच तर पोळी काढल्यावर उलथण्याने खरवड आणि ओल्या फडक्याने तवा पूस. जळक्या गुळाचे काळे डाग पुढच्या पोळीला लागतात, आणि धूर झाला तर वसतिगृहाचा अलार्म वाजून अख्खा मजला खाली अंगणात उभा राहतो. खिडकी आधीच उघडी ठेव. भाजलेल्या पोळ्या कागदावर सुट्या पसर. गरम असताना एकावर एक ठेवल्या की वाफेने चिकटतात.

कटाच्या आमटीला लिटरभर कट आणि बाजूला काढलेली डाळ घोटून घे. दोन मोठे चमचे सुकं खोबरं आणि चमचाभर जिरं भाजून वाट. तेलात मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी, त्यात वाटण, तिखट, दोन चमचे गोडा मसाला, मग कट, मीठ, चिंचेचा कोळ आणि सुपारीएवढा गूळ. दहा मिनिटं उकळू दे. आमटी पातळच असते, दाट करायला जाऊ नकोस.

तू लिहिलंस की एकजण वेगन आहे आणि एकीला गहू चालत नाही. पहिलीच्या पोळीला तुपाऐवजी तेल लाव, बाकी पोळीत दुधाचं काही नाही. मात्र पुरण मऊ करायला दूध घालू नकोस, पाणी घाल. दुसरीला पोळी देऊच नकोस. तिला वाटीत पुरण, भात आणि आमटी वाढ, पण तिच्या पुरणाला आणि भाताला पिठाचा हात लागू देऊ नकोस. हिंगाच्या डबीवरचं लेबल नक्की वाच, कारण पुष्कळ हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. तसं असेल तर त्या दिवशीच्या फोडणीत हिंग घालूच नकोस.

तुझी,
आई