म्युनिकला येतोयस ना? मग जर्मन शीकच

ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं, मग जर्मन कशाला, असं तुला बरेच जण सांगतील. त्यांचं ऐकू नकोस. घरमालकाचं पत्र, दवाखान्यात अपॉइंटमेंटसाठी करायचा फोन, पाळणाघरातली पालकसभा, हे सगळं जर्मनमध्ये असतं. दरवेळी ओळखीच्या कुणाला तरी मध्ये घालणं फार लवकर जड जातं, तुलाही आणि त्यालाही.

कागदोपत्री फायदाही मोठा आहे. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर, असशील आणि तुझं जर्मन बी-१, म्हणजे मधल्या पातळीचं, असेल तर त्या कार्डावर २१ महिने नोकरी झाल्यावर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. नुसत्या ए-१ वर, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीवर, २७ महिने थांबावं लागतं.

पुण्यात आहेस तोवर मॅक्स म्युलर भवनात ए-१ उरकून घे. इथे आलास की फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे सरकारी मदतीवर चालणाऱ्या प्रौढशिक्षण केंद्रात, नाव घाल. खासगी क्लासपेक्षा ते सहसा स्वस्त पडतं. तू अडखळलास की समोरचा इंग्रजीवर येईल. तू मात्र जर्मन सोडू नकोस.

बायको सोबत येणार असेल तर तिचंही नाव त्याच वेळी घाल, पुढच्या वर्षावर ढकलू नकोस. नोकरी नाही, भाषा नाही, अशा घरात दिवस खायला उठतो. इथल्या मराठी घरांत हे मी फार पाहिलंय.