वाचक विचारतात : ध्यानाच्या ग्रुपवर नेत्याची आरती

प्रश्न : ताई, मी कर्वेनगरला राहते, बँकेतून रिटायर झालेय. बरीच वर्षं एका ध्यानाच्या ग्रुपमध्ये होते. गुरू परदेशातले, रविवारी ऑनलाइन सत्र, आम्ही सगळ्या कोणाच्या तरी हॉलमध्ये जमून बसायचो. हळूहळू त्यांच्या बोलण्यात एका राष्ट्राध्यक्षाचं कौतुक यायला लागलं, की हा साधा राजकारणी नाही, हा आत्मा खास कामासाठी आलाय, आणि त्याला नावं ठेवणारे सगळे अंधाराच्या बाजूचे. आम्ही त्याच्यासाठी प्रार्थनासुद्धा केली हो. मग त्याने शेजारच्या देशात रणगाडे घुसवले, हॉस्पिटलवर बॉम्ब पडलेले टीव्हीवर बघितले, आणि गुरू म्हणाले हे शुद्धीकरण आहे. मी ग्रुप सोडला. आता डोळे मिटून बसलं की नुसता संताप येतो. चांगली शिकलेली माणसं अशी कशी नादी लागतात? आणि मी इतकी वर्षं केलं ते सगळंच खोटं का?

उत्तर : काकू, शिक्षणाचा आणि याचा काहीही संबंध नाही, हे आधी डोक्यातून काढा. पंचगणीचं एशिया प्लॅटो तुम्हाला माहीत असेल, १९६८ साली राजमोहन गांधींच्या पुढाकाराने उभं राहिलं, आपल्याकडची कितीतरी माणसं तिथे शिबिरांना जाऊन येतात. ते ज्या चळवळीचं केंद्र, ती आधी ऑक्सफर्ड ग्रुप म्हणून ओळखली जायची, १९३८ पासून मॉरल री-आर्मामेंट, आता इनिशिएटिव्ज ऑफ चेंज. संस्थापक फ्रँक बुकमन, अमेरिकन पाद्री. शिकवण अगदी सोज्वळ : सकाळी शांत बसा, आतला आवाज ऐका, वहीत लिहा, आणि स्वतःला चार कसोट्या लावा, प्रामाणिकपणा, शुद्धता, निःस्वार्थीपणा, प्रेम. यात खटकण्यासारखं काय आहे? तर याच बुकमननी ऑगस्ट १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पेपरला मुलाखत दिली आणि हिटलरसारखा माणूस लाभला म्हणून देवाचे आभार मानले, कारण काय तर त्याने कम्युनिझमच्या विरोधात फळी उभारली. ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे न्युरेंबर्गचे कायदे तेव्हा जेमतेम वर्षभरापूर्वी झाले होते. ज्यूद्वेष वाईटच, असंही त्यांनी जाता जाता म्हटलं, म्हणजे त्यांना माहीत नव्हतं असंही नाही. बोलण्याचा विपर्यास झाला असं त्यांचे लोक नंतर सांगत राहिले, सांगणारच.

पण मला त्या मुलाखतीतला पुढचा मुद्दा जास्त डेंजर वाटतो. असा हुकूमशहा एकदा का देवाला शरण गेला की त्याच्यामार्फत देव अख्खं राष्ट्र एका रात्रीत ताळ्यावर आणेल, साधारण या अर्थाचं ते बोलले. तुमच्या गुरूंचं गणित हेच तर आहे! लाखो माणसं एकेक करून बदलायची म्हणजे किती वेळ जाणार, त्यापेक्षा वरचा एक बदलला की काम झालं, मग कोर्ट, पेपर, निवडणूक ही सगळी मधली कटकट वाटायला लागते. ज्याच्या हातात सगळी सत्ता, तोच मग सगळ्यात सोयीचा शिष्य. रिनहोल्ड नीबूर नावाच्या अमेरिकन धर्मपंडिताने त्याच वर्षी बुकमनना यावरून झोडपलं होतं, म्हणजे कळणाऱ्यांना वेळेवर कळलं होतं. आणि गंमत बघा, ज्याच्यासाठी आभार मानले त्याच्या गेस्टापोने, म्हणजे गुप्त पोलिसांनी, पुढे या चळवळीवरच अहवाल तयार केला, ही शत्रूंच्या बाजूची म्हणून.

दुसरं कारण आपल्या जास्त जवळचं आहे. साधनेत आपल्याला शिकवतात की शंका आली तर तो तुझा अहंकार, सोडून दे. ध्यानापुरतं ठीक आहे, दर दोन मिनिटांनी वाद घालत बसलं तर ध्यान होणारच नाही. पण तीच सवय घेऊन माणूस पेपर वाचायला बसला की संपलं, मग नेत्याबद्दल प्रश्न पडला तरी तो स्वतःलाच दोष देतो. तुमच्या ग्रुपमध्ये कोणी विचारलं होतं का कधी, की अहो यांचा आणि ध्यानाचा काय संबंध? विचारलं असेल तर त्या बाईचं पुढे काय झालं ते आठवून बघा.

आता खोटं का ते. नाही, सगळं नाही. त्याच चळवळीतल्या राजमोहन गांधींचं 'हिम्मत' साप्ताहिक आणीबाणीत मुंबईतून निघत होतं आणि सेन्सॉरशी भांडत होतं. सकाळी शांत बसून आतला आवाज ऐकण्याची पद्धत तीच, तिथे बरोबर उलटं फळ आलं. श्रीअरविंदांचंही बघा, ब्रिटिशांनी ज्यांना तुरुंगात टाकलं होतं त्याच माणसाने १९४० साली, हिटलर इंग्रजांना बडवतोय म्हणून आपल्याकडे बरेच जण खूश असताना, जाहीरपणे मित्रराष्ट्रांची बाजू घेतली, युद्धनिधीला पैसे दिले, शिव्याही खाल्ल्या. त्यामुळे ध्यानाने अक्कल जाते असं काही नाही, ध्यानाने ती आपोआप येते असंही नाही.

संतापाचं म्हणाल तर येऊ द्या की. जर्मनीतले पाद्री मार्टिन नीमोलर यांनी आधी नाझींना मत दिलं होतं, मग सरकार चर्चमध्ये हात घालायला लागल्यावर विरोधात गेले, १९३७ ला पकडले गेले आणि १९४५ पर्यंत छळछावण्यांमध्ये होते. सुटल्यावर त्यांनी मी तर कैदी होतो म्हणून हात वर केले नाहीत, आमचंही चुकलं असं उघड बोलत फिरले आणि स्वतःच्याच लोकांचा रोष घेतला. तुम्हाला एवढं काही करायची गरज नाही, पण ज्या मैत्रिणींना तुम्ही त्या ग्रुपमध्ये आणलंत त्यांना एक फोन करा. आणि ध्यान काही दिवस बंद ठेवलंत तरी चालेल, तळजाईवर फिरायला जा.

प्रश्न : विनोबांनी आणीबाणीला खरंच 'अनुशासन पर्व' म्हटलं होतं का? सदाशिव पेठेत आमच्या अभ्यासिकेत यावरून राडा झाला. एक मित्र म्हणतो 'सरकारी संत', दुसरा म्हणतो सरकारने वापरून घेतलं.

उत्तर : दोघांनाही निम्मे निम्मे मार्क. विनोबा डिसेंबर १९७४ पासून वर्षभर मौनात होते, जूनमध्ये आणीबाणी लागली, काँग्रेसचे वसंत साठे पवनारला भेटायला गेले आणि विनोबांनी हे दोन शब्द लिहून दाखवले, महाभारतातल्या पर्वाचं नाव. झालं, सरकारने ते भिंतीभिंतीवर लावले. डिसेंबर १९७५ मध्ये मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की अनुशासन आचार्यांचं असतं, सत्तेचं असतं ते शासन, पण तोवर उशीर झाला होता आणि असला बारीक भेद पोस्टरवर मावत नाही. आणि ज्या जेपींनी १९५४ मध्ये आपलं आयुष्य भूदानाला वाहून टाकलं होतं ते तेव्हा कैदेतून किडन्या खराब होऊन बाहेर आले होते. विनोबांना मानणाऱ्या कितीतरी लोकांना ते फार लागलं, सर्व सेवा संघ, म्हणजे सर्वोदयवाल्यांची संघटना, तर जेपींच्या आंदोलनावरून आधीच दुभंगला होता. त्याच डिसेंबरात दुर्गाबाई भागवत कराडच्या संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या, समोर यशवंतराव चव्हाण असताना. माझं मत विचाराल तर विनोबा विकले गेले वगैरे सगळं बकवास आहे, पण वर्षभर न बोलणाऱ्या माणसाने बोलायचे दोनच शब्द निवडावेत आणि ते हे असावेत, याची जबाबदारी त्यांचीच. पुढे १९७६ मध्ये त्यांनी गोवधबंदीसाठी उपोषण जाहीर केलं तेव्हा पोलिसांनी आश्रमात येऊन त्यांच्याच 'मैत्री' मासिकाचे अंक जप्त केले. हे तुमच्या दोन्ही मित्रांना सांगा.

प्रश्न : बाबा अजून तसल्याच एका ग्रुपमध्ये आहेत, रोज फॉरवर्ड, जेवताना भांडण. ग्रुप लीडरने माफी मागितली तर ते ऐकतील. काय करू? (औंध)

उत्तर : माफीची वाट बघू नकोस. जपानमधल्या झेन पंथांनी दुसऱ्या महायुद्धात सम्राटाच्या सैन्याची तळी उचलली होती, त्यातल्या सोतो पंथाने जाहीर पश्चात्ताप केला १९९२ ला, म्योशिन-जी शाखेने २००१ ला. तुझ्या बाबांकडे एवढा वेळ नाही. जेवताना विषय काढू नकोस, फॉरवर्डला उत्तरं देऊ नकोस, आणि त्यांच्या गुडघ्याचं, बागेचं, जुन्या मित्रांचं विचारत जा, कारण ग्रुपबाहेर बोलायला माणूसच उरला नाही तर ते तिथून निघून जाणार कुठे? पैसे मात्र किती दिलेत ते आत्ताच विचार, न लाजता.