वाचकांचे प्रश्न : लाकूडतोड कंपनीचा पाण्याचा टँकर

प्रश्न : माझे धाकटे दीर बरीच वर्षं कोयली रिफायनरीतून पेट्रोल-डिझेलचा टँकर नेतात. कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या एका लाकूडतोड कंपनीत पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर हवा आहे, असं त्यांना कळलंय. ‘पाणीच तर आहे, पेट्रोलपेक्षा सोपं,’ असं ते म्हणतात. खरंच सोपं असतं का? – एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : आगीची धास्ती नाही, एवढ्यापुरतं सोपं. गाडी सांभाळायला मात्र हा टँकर जास्त अवघड. कोयलीचा टँकर चेंबर भरून निघतो आणि पंपावर रिकामा होतो. जंगलातला टँकर कच्च्या रस्त्यावरची धूळ बसवायला चालता चालता पाणी फवारतो, म्हणजे प्रत्येक खेपेत तो अर्धा होतोच. अर्धी टाकी सगळ्यात धोक्याची : पाण्याला हलायला जागा असते आणि ढकलायला वजनही. १२,००० लिटरच्या टाकीत तेव्हा ६ टन पाणी हेलकावत असतं. तेवढ्याच डिझेलचं वजन साधारण ५ टन भरतं.

टाकीत भोकं पाडलेले आडवे पत्रे असतात, त्यांना बॅफल म्हणतात. पाण्याची पुढे-मागे होणारी धाव ते मोडतात, डावी-उजवीकडची नाही. टँकर वळणावर उलटतो तो यामुळेच. वेग वळणाच्या आधी उतरवायचा, वळणात शिरल्यावर ब्रेक मारायचा नाही. गाडी थांबली तरी ब्रेकवरचा पाय लगेच काढू नये, कारण मागून येणारी लाट निसरड्या रस्त्यावर उभी गाडीही पुढे ढकलते. उतारावर खालचा गिअर माथ्यावरच टाकून घ्यावा आणि भार इंजिनब्रेकवर ठेवावा. ब्रेक सतत दाबून धरला की ड्रम तापतात आणि पकड जाते.

भरणं हेही ड्रायव्हरचंच काम. ओढ्यातून पाणी उपसायला परवाना लागतो, आणि माशांची पिल्लं ओढली जाऊ नयेत म्हणून सक्शन पाइपच्या तोंडाला बारीक जाळी. पंप पीटीओवर, म्हणजे गाडीच्याच इंजिनाची ताकद पंपाला देणाऱ्या जोडणीवर, चालतो. मिनिटाला १,००० लिटरचा असेल तर टाकी १२ मिनिटांत भरते. पाणी पंपाच्या ६-७ मीटरहून खाली असेल तर ते उचललं जात नाही. त्याहून वर असूनही पंप धरत नसेल, तर आधी पाइपचे सांधे तपासा. बहुतेक वेळा तिथूनच हवा शिरते.

फवारताना हात आखडता हवा. चिकणमातीवर पाणी जास्त झालं की रस्ता साबणासारखा होतो आणि मागून लाकडांनी भरलेला ट्रक येत असतो. तीव्र उतार आणि वळणं इथे व्हॉल्व्ह कमी करावा, डबकं साचेल असं पाणी सोडूच नये. कंपन्या दोन हलके हात मारायला सांगतात, ते बरोबर आहे.

रस्ता बहुधा एकेरी असतो. रेडिओवर रस्त्याचं नाव, किलोमीटर आणि दिशा सांगत जायचं. किलोमीटरचे आकडे वाढत असतील तर ‘अप’, उतरत असतील तर ‘डाऊन’. भरलेल्या लाकडाच्या ट्रकला आधी वाट द्यायची, आपण बाजूच्या जागेत थांबायचं. मात्र समोरच्याकडे रेडिओ असेलच असं धरू नये. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग डावीकडे असतं. घाटात दरीची कड कोणत्या बाजूला येते याची सवय व्हायला वेळ लागतो.

उन्हाळ्यात वणव्याचा धोका वाढला की पहाटेपासून काम करून दुपारी तोड थांबवतात, कधी ती पूर्ण बंदही राहते. टँकर तेव्हा आग विझवायला सज्ज ठेवतात. थंडीत पंप, व्हॉल्व्ह आणि फवारणीचा पाइप रोज रिकामा करावा, नाहीतर आत गोठलेलं पाणी पंपाचं कवच फोडतं.

प्रश्न : इथलं लायसन्स तिथे चालेल का?

उत्तर : या कामासाठी नाही. दोनपेक्षा जास्त अ‍ॅक्सलच्या ट्रकला तिथे क्लास ३, सेमी-ट्रेलरला क्लास १ लागतो, आणि एअर ब्रेकची परीक्षा वेगळी. एजंट केंद्र सरकारकडे नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेट पोर्टलवर बघावं. त्याला ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही. जास्त मागत असेल तर पैसे देऊ नका.