बाहेर युद्ध आणि पडद्यावर नाचगाणी?

प्रश्न: माझे आजोबा तरुणपणी ठाण्याहून लोकलने व्हीटीला आणि तिथून चालत धोबीतलावच्या मेट्रो थिएटरला इंग्लिश पिक्चर बघायला जायचे. जुन्या म्युझिकल्सबद्दल अजून भरभरून बोलतात. मी दोनेक बघितले आणि म्हटलं, दुसरं महायुद्ध पेटलेलं, पोरं मरतायत आणि हॉलिवूड नाचण्यात दंग? आजोबा जाम चिडले. चुकलं का माझं?
– एक वाचक, नौपाडा

उत्तर: मी आजोबांच्या बाजूने. (मेट्रो खुद्द हॉलिवूडच्या एमजीएम या पिक्चर कंपनीनेच १९३८ साली उघडलेलं, म्युझिकल्समधली मोठी कंपनी तीच.)

काही पिक्चर उघड प्रचाराचे होते, ते मान्य. १९४३ च्या 'धिस इज द आर्मी'मध्ये तर खरे सैनिक नाचलेत आणि कमाई सैनिकांच्या मदतनिधीला गेली. पण तुम्ही १९४४ चा 'मीट मी इन सेंट लुईस' बघा. गोष्ट १९०३ ची, युद्धाचं नावसुद्धा नाही, फक्त वडिलांची न्यूयॉर्कला बदली झालीय आणि घर सोडायचंय. नाताळच्या रात्री खिडकीपाशी ज्युडी गार्लंड धाकट्या बहिणीला गाणं म्हणते, की नशिबात असेल तर परत सगळे एकत्र येऊ, तोवर कसंबसं निभावून न्यायचं, आणि ती पोरगी रडत रडत खाली धावते आणि अंगणातली बर्फाची माणसं काठीने फोडून टाकते, कारण ती न्यूयॉर्कला नेता येणार नाहीत ना. आता विचार करा, थिएटरात बसलेल्या बाईचा नवरा किंवा भाऊ तेव्हा फ्रान्समध्ये नाहीतर पॅसिफिकच्या बेटावर लढतोय, तिला हे गाणं कसं लागलं असेल? आधी त्यात हा तुझा शेवटचा नाताळ असेल अशा अर्थाची ओळ होती, लहान पोरीला हे कसं म्हणू म्हणून ज्युडीने नकार दिला आणि गीतकाराला शब्द बदलावे लागले. १९४२ च्या 'हॉलिडे इन'मधल्या 'व्हाइट ख्रिसमस' या गाण्यानेही असंच काळजाला हात घातला, घरापासून लांब असलेले सैनिक आर्मीच्या रेडिओवर त्याची फर्माईश करायचे. युद्ध या गाण्यांच्या आतच आहे हो, बाहेर नाही.

नाचच बघायचा तर 'स्टॉर्मी वेदर', १९४३. निकोलस ब्रदर्स हे दोघे नर्तक भाऊ जिन्याच्या एकेका पायरीवर एकमेकांच्या डोक्यावरून उडी मारून पाय पूर्ण फाकवून पडतात आणि हात न टेकता उठतात, मी दरवेळी श्वास रोखूनच बघते.

आजोबांसोबतच बघा. मेट्रोला कोणासोबत जायचे, तिकीट केवढ्याला होतं, तेही विचारा आणि मला नक्की कळवा.