पिचर चांगला टाकत असताना त्याला का काढतात?

प्रश्न : मुलगी शाळेच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारी खेळाडू, आहे. तिच्यासोबत २०२३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशांच्या संघांच्या स्पर्धेचे जुने सामने पाहिले. पिचर झकास टाकत असतानाही त्याला बाहेर का काढतात? आणि तैवानमधल्या ताईचुंगच्या गटात पाचही संघांनी दोन-दोन सामने जिंकले, तर क्युबा आणि इटलीच पुढे कसे गेले?
– एक पालक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आधी गटाचं सांगते. वीस संघ, पाच-पाचांचे चार गट. गटात प्रत्येक जण प्रत्येकाशी एकदा खेळतो, पहिले दोन उपांत्यपूर्व फेरीत. तिथून पुढं हरला तो घरी. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची लीग बघणाऱ्यांना गोलफरक वेगळा सांगायला नको. पण बेसबॉलमध्ये तसा रनांचा फरक धरला तर अन्याय होतो. सामना नऊ इनिंगचा, आणि प्रत्येक इनिंगला दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात. नंतर बॅटिंग करणारा संघ पुढं असेल तर नवव्या इनिंगला तो बॅटिंगला येतच नाही. सात इनिंगनंतर दहा रनांची आघाडी असली तर गटातला सामना तिथंच थांबतो. म्हणून बरोबरीतल्या संघांनी आपापसातल्या सामन्यांत जितके रन दिले, त्या आकड्याला त्यांनी समोरच्यांचे जितके आउट काढले त्या संख्येनं भागतात. आकडा लहान तो संघ वर. त्या हिशोबानं क्युबा पहिला, इटली दुसरा. घरच्या मैदानावर खेळणारा तैवान पाचवा आला, आणि दोन विजय हाताशी असून पुढच्या स्पर्धेसाठी त्याला पात्रता फेरी खेळावी लागली. मला त्याचं फार वाईट वाटलं, पण नियम बरोबर आहे.

आता पिचर. माझ्या मते या स्पर्धेतली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच. २०२३ ला एका पिचरला गटात एका सामन्यात ६५ पिच (बॅटरकडं टाकलेला प्रत्येक चेंडू म्हणजे एक पिच), उपांत्यपूर्व फेरीत ८० आणि त्यापुढं ९५ अशी मर्यादा होती. समोरच्या बॅटरचा डाव चालू असताना मर्यादा आली तर तेवढा संपवू देतात. ५० किंवा जास्त पिच टाकल्या की चार दिवस विश्रांती, ३० किंवा जास्त टाकल्या की एक दिवस. स्पर्धा मार्चमध्ये, अमेरिकेतला मोसम सुरू व्हायच्या आधी असते. हात अजून पुरता तयार नसतो. म्हणून मॅनेजरला, म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला, पहिल्या सामन्यापासूनच कोणाचा हात कधीसाठी राखायचा हे ठरवावं लागतं. मायामीतल्या अंतिम सामन्यात जपाननं अमेरिकेला ३-२ नं हरवताना सात पिचर वापरले. सुरुवात करणाऱ्या इमानागानं दोनच इनिंग टाकल्या. शेवटी आला ओहतानी, आणि त्यानं क्लबमधला आपला तेव्हाचा जोडीदार, अमेरिकेचा माइक ट्राउट, याला स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं.

लेकीच्या बाबतीत हेच करा. मैदानावर वही न्या, प्रत्येक पिचला एक रेघ मारा. अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांत ११-१२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ८५ आणि १३ ते १६ वर्षांच्यांना ९५ पिचची मर्यादा आहे. आपल्याकडं शालेय स्पर्धेत एकाच दिवशी दोन सामने आले की संघातली सगळ्यात चांगली मुलगी दोन्हीकडं टाकते, कोणी मोजत नाही. तुम्ही मोजा. प्रशिक्षक रागावले तरी वही दाखवा. कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय असं ती म्हणाली तर त्या दिवशी हातात चेंडू देऊ नका, आणि दुखणं राहिलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.